हाताची वाट मानेतून जाते



रुग्णाने सहज उच्चारलेले एखादे वाक्य डॉक्टरच्या कानात वर्षानुवर्षे राहते. 72 वर्षांच्या एका काकूंचे असेच एक वाक्य माझ्या कानात राहिले आहे. स्नानगृहात पाय घसरून त्या उजव्या खांद्यावर पडल्या. आवाज ऐकून मुलगा धावत आला आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचते तेच त्याने केले. आईचा हात धरून त्याने तिला ओढून उभे केले. खांदा निखळला होता. रुग्णालयात तो व्यवस्थित बसवण्यात आला, हात 3 आठवडे झोळीत राहिला आणि नंतरच्या एक्स-रेत सारे काही जागच्या जागी दिसले. सहा आठवड्यांनी काकू माझ्याकडे आल्या. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, ही तक्रार. मी एक्स-रे पाहिला, खांदा हलवून पाहिला आणि "खांदा जखडला आहे, व्यायाम करा," असे सांगितले. उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आणखी एक. तेल चोळताना दंडाच्या वरच्या अंगाला माझाच हात मला परक्यासारखा लागतो हो." मी म्हणालो, "होईल हळूहळू, काकू."

त्या एका वाक्यात निदान होते आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. महिनाभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा उजव्या खांद्याची गोलाई ओसरून तेथे हाडाचे टोक दिसू लागले होते. हाड केव्हाच जागेवर बसले होते. त्या हाडाला वळसा घालून जाणारी नस मात्र दुखावलेली राहिली होती.

आजचा लेख हाताच्या नसांविषयी आहे, आणि त्यातून एकच गोष्ट आपल्या ध्यानात राहावी अशी माझी इच्छा आहे. हात दुखावला की आपण सारे हाडाकडे पाहतो. नसेकडेही पाहायला हवे, आणि तेही वेळेत.

मानेपासून बोटांपर्यंत

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि संवेदना व आज्ञा वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही 'नस'च म्हणतो. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

हाताच्या नसा हातात उगम पावत नाहीत. त्या मानेत, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून निघतात. मानेचे मणके 7, पण तेथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या 8. त्यांतील पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि छातीच्या भागातील पहिली अशी 5 मुळे प्रत्येक बाजूला एकत्र येतात. मानेच्या दोन स्नायूंमधील फटीतून ती बाहेर पडतात, पहिल्या बरगडीवरून आणि गळ्याशी आडव्या असणाऱ्या कॉलर बोनच्या खालून जातात आणि काखेत हाताच्या मुख्य रोहिणीभोवती विसावतात. या प्रवासात 5 मुळांची 3 खोडे होतात, प्रत्येक खोड दुभंगून 6 भाग होतात, त्या सहांचे पुन्हा 3 जुडगे बनतात आणि शेवटी त्यांतून 5 मुख्य नसा हातात उतरतात. या साऱ्या गुंतागुंतीला वैद्यकात ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. आपण त्याला बाहूचे नसाजाल म्हणू.

हे जाल कशासाठी? मनमाड किंवा दौंडसारखे मोठे जंक्शन डोळ्यांसमोर आणा. एका गाडीतून आलेले प्रवासी तेथे उतरतात आणि वेगवेगळ्या दिशांच्या गाड्यांत बसतात. तसेच येथे एका मुळातून आलेले तंतू अनेक नसांत विभागले जातात आणि प्रत्येक नसेत अनेक मुळांचे तंतू येतात. म्हणून मानेतील एक मूळ दबले तर हाताच्या अनेक हालचाली थोड्या थोड्या क्षीण होतात. उलट जंक्शनापुढची एकच नस दुखावली तर ठरावीक हालचाल जवळजवळ पूर्ण बंद पडते. इजा नेमकी कोठे झाली, हे डॉक्टर याच तर्काने ओळखतात.

पाच नसा, पाच हालचाली

या नसांची नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. त्यांची कामे मात्र लक्षात ठेवावीत.

ॲक्झिलरी नस खांद्याला गोलाई देणाऱ्या स्नायूला चालवते. हात पंखासारखा बाजूला उचलणे हे मुख्यतः तिचे काम. बाहेरच्या बाजूने, ब्लाऊजची बाही जेथे असते तेथील त्वचेची संवेदनाही तिचीच. काकूंना परकी वाटणारी जागा ती हीच.

मस्क्युलोक्युटेनियस नस कोपर वाकवते. घास तोंडाशी नेते ती ही.

रेडियल नस मनगट आणि बोटे वर उचलते. रहदारी थांबवणाऱ्या पोलिसासारखा पंजा उभा करता आला नाही, मनगट लुळे लोंबले, तर ही नस दुखावली असे समजावे.

मीडियन नस अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला भिडवते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना स्पर्शज्ञान देते. शर्टाचे बटण आणि सुईतला दोरा तिच्या भरवशावर असतात.

अल्नर नस बोटे फाकवते आणि पुन्हा जवळ आणते. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू तिच्याकडे. कोपराच्या आतल्या अंगाला काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या याच नसेच्या.

घरात कोणी पडले आणि हात दुखावला, तर निखळलेला किंवा मोडलेला खांदा हलवून पाहू नये. पण आहे त्या स्थितीत मनगट वर होते का, बोटे फाकतात का, अंगठा करंगळीला लागतो का आणि प्रत्येक बोटाला व दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापसाचा स्पर्श दोन्ही हातांवर सारखाच कळतो का, एवढे अर्ध्या मिनिटात पाहता येते. जे आढळेल ते डॉक्टरांना सांगावे. मात्र स्पर्श कळतो म्हणून नस शाबूत आहे, असे गृहीत धरू नये. कधी संवेदना राहते आणि शक्ती जाते.

इजा किती खोल?

हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदाने युद्धकाळात, 1943 साली, नसांच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. ते आजही वापरले जातात. विजेच्या वायरीचे उदाहरण घेऊ. पहिल्या प्रकारात वायर नुसती दबते. प्रवाह काही काळ थांबतो, पण वायर अखंड असते. हा हात काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रकारात आतील तारा तुटतात, वरचे आवरण मात्र राहते. त्या आवरणाच्या आधाराने तंतू पुन्हा वाढू शकतात. तिसऱ्या प्रकारात वायर आवरणासह तुटते. ती शस्त्रक्रियेखेरीज जुळत नाही.

तंतू वाढण्याचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला 3 सेंटिमीटर. काखेतून खांद्याच्या स्नायूपर्यंतचे थोडे अंतर काही महिन्यांत पार होते. पण मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर 70 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे दोन वर्षे. नसेचा संदेश न मिळालेला स्नायू तेवढा थांबत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षात तो एवढा सुकतो की नस पोहोचली तरी तो जागा होत नाही. म्हणून पूर्ण निकामी झालेल्या हातात 3 महिन्यांत काहीच सुधारणा दिसली नाही, तर नसांच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाला दाखवणे टाळू नये. अशा शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक होतो. "थांबून पाहू" हे वाक्य योग्य असते, पण त्याला तारखेची मर्यादा हवी.

नस किती दुखावली हे मोजण्यासाठी नसांची विद्युत चाचणी करतात. त्यात हलके धक्के देतात आणि बारीक सुईने स्नायूंचे संदेश टिपतात. इजेनंतर पहिल्या दिवसांत ती पुरेसे चित्र दाखवत नाही. साधारण 3 आठवड्यांनी केल्यास अधिक उपयोगी ठरते.

नेहमी आढळणाऱ्या इजा

वृद्धांमध्ये पडून खांदा निखळणे किंवा दंडाचे हाड खांद्याजवळ मोडणे, हे ॲक्झिलरी नस दुखावण्याचे प्रमुख कारण. याच वयात खांद्याभोवतीचे स्नायुबंधही फाटतात. एक्स-रेत ना नस दिसते ना स्नायुबंध. म्हणून खांदा बसवल्यावरही काही आठवड्यांत हात उचलता येत नसेल, तर केवळ 'वय झाले' किंवा 'खांदा जखडला' यावर समाधान मानू नये. मी मानले होते.

काखेत टेकलेली कुबडी हे दुसरे कारण. कुबडीचे वरचे टोक आणि काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे आणि शरीराचा भार तळहातांवर हवा. काखेवर भार दिल्यास नसा दबतात आणि मनगट लुळे पडू शकते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागल्यानेही दंडातील रेडियल नस अशीच दबते. झोपेचे औषध किंवा मद्य घेतलेल्या माणसाला कूस बदलण्याचीही शुद्ध राहत नाही.

खुर्चीच्या हातावर किंवा टेबलावर कोपर टेकवून तासन्‌तास वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांची करंगळी बधिर होते, ती कोपराशी दबलेल्या अल्नर नसेमुळे. रात्री अंगठा व पहिल्या दोन-तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, ही मनगटाशी दबलेल्या मीडियन नसेची खूण. मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत आणि स्त्रियांत ही तक्रार अधिक. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पुष्कळांना पुरते. मानेचा मणका झिजून मूळ दबले असेल, तर मान वळवताच दंडात कळ उतरते. मुंग्या त्याच बोटांतल्या, पण उगम तीन वेगवेगळ्या ठिकाणी; म्हणून शेजारच्यांची औषधे आपल्याला लागू पडतीलच असे नाही.

नातवंडांसाठीही दोन शब्द. दुचाकीवरून पडताना डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जाऊन मुळे मज्जारज्जूपासूनच उपटली जाऊ शकतात. हेल्मेट डोके वाचवते, पण या जालाला वाचवते ते वेगावरचे नियंत्रणच. आणि बाळंतपणात खांदा अडकून जन्मलेले बाळ एक हात हलवत नसेल, तर मालिश करताना तो हात ओढू नये; बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. पुष्कळ बाळे पहिल्या काही महिन्यांत सुधारतात, पण तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकत नसेल तर तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो.

हात धरून उचलू नका

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी ही मुख्य विनंती आहे. रुग्णाला उठवताना हाताला किंवा काखेत धरून ओढणे हा आपला स्वाभाविक प्रघात आहे. पण काख म्हणजे नसाजालाचा अंगणभाग. पक्षाघात झालेल्या माणसात तर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. त्यात हात ओढला की सांध्याचे आवरण आणि नसा दोहोंवर ताण येतो. पक्षाघातानंतर सुरू होणाऱ्या खांदेदुखीत अशा ओढाताणीचा वाटा असू शकतो.

मग उठवावे कसे? रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवावे, पाय जमिनीवर पूर्ण टेकवावेत, त्याला थोडे पुढे झुकायला सांगावे आणि आपण कमरेला व पाठीला आधार देऊन उठवावे. कमरेला रुंद मजबूत पट्टा बांधला तर धरायला सोपे जाते. बसलेले असताना दुबळा हात उशीवर ठेवावा. तो लोंबकळू देऊ नये. कपडे घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा, काढताना आधी चांगला हात बाहेर काढावा. घरी येणाऱ्या ब्यूरोच्या मावशींना किंवा मामांना हे पहिल्याच दिवशी करून दाखवावे.

कोणी पडले तर लगेच उभे करण्याची घाई करू नये. शुद्ध आहे का, कोठे दुखते, हात-पाय हलतात का, हे आधी विचारावे. तीव्र वेदना किंवा वाकडेपणा नसेल, तर त्यांना कुशीवर वळवून, मग गुडघ्यांवर आणून, समोर ठेवलेल्या भक्कम खुर्चीच्या आधाराने स्वतः उठू द्यावे. शंका असल्यास डोक्याखाली उशी, अंगावर पांघरूण आणि मदतीची वाट. हेच त्या वेळी योग्य.

तातडी केव्हा?

हात एकाएकी लुळा पडला आणि त्यासोबत चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर तो नसेचा नव्हे, मेंदूचा आजार समजावा. 108 ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हाताच्या दुखण्यासोबत छातीत दडपण आणि घाम असेल, तर आधी हृदयाचा विचार करावा.

पडल्यानंतर काखेत सूज वाढत गेली, हात थंड किंवा फिकट पडला, तर नसांजवळची रोहिणी दुखावली असण्याची शक्यता असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी येथे एक तासही दवडू नये.

दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या माणसाला खांद्यात सतत, रात्रीही न थांबणारी कळ, करंगळीत बधिरपणा आणि त्याच बाजूची पापणी खाली आलेली दिसली, तर फुप्फुसाच्या टोकाची तपासणी हवी. तेथील गाठ जालाच्या खालच्या मुळांना धरते. पापणी आणि हात यांचा हा संबंध ऑगस्टा क्लुम्पके या तरुण विद्यार्थिनीने 1885 साली पॅरिसमध्ये उलगडून दाखवला होता. स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्वी किरणोपचार झालेल्या स्त्रीचा त्या बाजूचा हात वर्षांनंतरही दुबळा किंवा बधिर होऊ लागला, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

काय करावे, काय टाळावे

निखळलेला खांदा हाडे बसवणाऱ्याकडून ओढून घेऊ नये. 'नस बसवणे' असे काही नसते, जोर लावल्याने नस तुटू मात्र शकते. बी-12 ची इंजेक्शने बी-12 ची कमतरता असणाऱ्यांना उपयोगी. दबलेली किंवा तुटलेली नस ती मोकळी करत नाहीत. बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण भाजलेले कळत नाही. स्वयंपाकघरात भांडे उचलताना चांगल्या हाताने उष्णता पाहावी. नस परत येईपर्यंत सांधे मोकळे ठेवणे हे आपले काम. फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या हालचाली रोज, न कंटाळता कराव्यात. वाट पाहताना सांधा आखडला, तर परतलेल्या नसेला हलवायला काही उरत नाही.

काकूंच्या विद्युत चाचणीत नस तुटलेली नव्हती. तंतू परत येण्याच्या खुणा होत्या. सहा महिन्यांनी त्या स्वतःची वेणी घालू लागल्या. वरच्या फळीवरचा डबा मात्र आजही सूनच काढून देते. मुलाने मला एकदा एकांतात विचारले, "मी ओढल्यामुळे झालं का?" पडण्याने झाले की ओढण्याने, हे कोणालाच सांगता येणार नव्हते, आणि मी तसेच त्याला सांगितले. मात्र माझा हरवलेला महिना कोणामुळे गेला, हे मला ठाऊक होते. तेही मी त्याला सांगितले.

तेव्हा आपल्या घरातील कोणी उठता उठता, दारात थांबून "डॉक्टर, आणखी एक" म्हणाले, तर त्यांना थांबवू नका. आणि डॉक्टर ऐकत नसतील, तर आपण ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हणा.